सुरमईची दुरुस्ती

माणसानं आयुष्यात एकदा तरी परमुलखात राहून काम करावं. त्यानं दृष्टी विशाल होते आणि अहंकार आपोआप गळून पडतो. लखनौच्या दीड वर्षाच्या नेमणुकीचा कागद माझ्या हाती देताना आमच्या केंद्राच्या प्रमुखांनी हे सांगितलं, तेव्हा त्यांचा आवाज खरोखर जड झाला होता. ते स्वतः रत्नागिरी जिल्ह्याबाहेर फक्त लग्नांना जातात आणि पंगत उठली की त्याच दिवशी परततात.

मी आंब्याच्या झाडांच्या रोगांवर काम करते. झाड वाळायला लागलं की बागायतदार जिला बोलावतात, चहा देतात आणि तिनं सांगितलेलं सोडून बाकी सगळं करतात, ती बाई मी. लखनौच्या पश्चिमेला काकोरी-मलिहाबादचा पट्टा दशहरी आंब्याचा. तिथल्या जुन्या बागांत शेंड्याकडून खाली वाळत येणारा रोग दिसायला लागला होता, म्हणून तिथल्या संस्थेनं कोकणातून माणूस मागवला होता. आमच्या घरी या बातमीचा अर्थ निराळा लागला. दशहरीला आम्ही आंबा म्हणतो ते निव्वळ सौजन्य म्हणून. "तिथं म्हणे आंबे चोखून खातात," सासूबाई म्हणाल्या. त्याच सुरात त्यांना, तिथली माणसं माणसांना खातात, असंही सांगता आलं असतं. नवऱ्यानं धीर दिला. "पासपोर्ट लागत नाही ना? मग परत येता येईल."

मुंबईहून गाडी वेळेवर सुटली. जानेवारी होता. कानपूरच्या बऱ्याच अलीकडे ती धुक्यात शिरली आणि मग तिनं वेळेचा विचारच सोडून दिला. खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. डब्यात कोणी घड्याळ पाहत नव्हतं. समोरचे वृद्ध गृहस्थ भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. दाणे आधी मला, मग माझ्या शेजारच्या बाईंना, आणि मग उरले तर स्वतःला. बहुतेक वेळा उरत नव्हते. त्याचं त्यांना काही वाटतंय असं दिसलं नाही.

चारबाग स्टेशनातून बाहेर पडून मी मागं वळून पाहिलं आणि हातातली बॅग हातातच राहिली. धुक्यातून एकेक घुमट वर येत होता. मग छत्र्या, मग मनोरे, मग पुन्हा घुमट. मला राजवाड्यांचं कौतुक नाही. एवढ्या दालनांत झाडू कोण मारत असेल, हा माझा पहिला विचार असतो. पण हा राजवाडा नव्हता. तिकीट काढायला, हमालाशी हुज्जत घालायला आणि चुकलेल्या गाडीबद्दल हळहळायला कोणीतरी एवढी देखणी जागा बांधली होती. मी थंडीत उभी राहून पाहत राहिले.

"कहाँ तशरीफ़ ले जाएँगी?" एका ऑटोवाल्यानं विचारलं.

"सरोजिनी नगर. कानपूर रोड."

"हम छोड़ देते हैं."

मी त्याच्या मागं पाहिलं. आणखी कोणी नव्हतं. लखनौत एकटा माणूसही स्वतःला 'हम' म्हणतो, हे मला माहीत नव्हतं. दोन बॅगा आणि अनेक माणसं एका ऑटोत कशी बसणार, याची चिंता मी आलमबागपर्यंत करत होते. तिथं एक स्कूटरवाला आडवा आला. करकचून ब्रेक लागला. अशा वेळी आपल्याकडे काय कानावर पडतं ते ठाऊक असल्यानं मी नजर दुसरीकडे वळवली.

"जनाब, आपकी आँखें हैं कि बटन?" ऑटोवाल्यानं विचारलं.

"बटन ही हैं," स्कूटरवाला म्हणाला. "आपको देखा तो बंद कर लिए."

ऑटोवाल्यानं मान डोलावली. चांगल्या शेराला द्यावी तशी. मग दोघं आपापल्या वाटेनं गेले.

सरोजिनी नगरात मला वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या होत्या. खाली सबनीस वहिनी. मूळच्या जळगावच्या, यजमान रेल्वेत इंजिनियर, स्वतः शाळेत हिंदी शिकवतात, आणि लखनौत इतकी वर्षं झालीत की मुलाला मराठीत "जेवलास का?" विचारलं तर "जी आंटी, खा लिया" असं उत्तर येतं. अमौसीला उतरणारी विमानं त्या घराच्या छपरावरून जातात. वहिनी वाक्याच्या मध्यावर थांबतात, विमान जाऊ देतात आणि नेमक्या त्याच शब्दापासून पुढं बोलायला लागतात.

"ये ये. तकल्लुफ (भिडस्तपणा) नको करूस हाँ. भैयाकडून सब्जी घेऊन ठेवलीय तुझ्यासाठी. मटर एकदम ताजा आहे. आणि इथं पाणी फक्त..." विमान आलं. विमान गेलं. "...सकाळी येतं."

संस्थेच्या पाटीवर ठळक अक्षरांत 'अनुसंधान' लिहिलं होतं. मी पाटीखाली जरा थबकले. आमच्याकडे हा कीर्तनातला शब्द. देवाशी लागलेलं चित्त म्हणजे अनुसंधान. प्रयोगशाळेतल्या माणसांनी देवाशी चित्त लावलं तर अनुदान लवकर येईलही, पण बाहेरच्यांना आपलं काम सांगताना हा शब्द माझ्या तोंडून निघेना. त्यापेक्षा आपला 'संशोधन' बरा. संस्कृत शब्द, म्हणजे हिंदीत असणारच. तसा तो आहेही.

माझ्या जोडीला शुक्लाजी होते. पन्नाशीचे, पिढ्यानुपिढ्या लखनौचे. त्यांच्या तोंडून मी दीड वर्षात 'नाही' असं उत्तर एकदाच ऐकलं. सूक्ष्मदर्शकाचा दिवा आज दुरुस्त होईल का? "बिल्कुल. क्यों नहीं." तो पावसाळ्यात झाला. पहिल्याच आठवड्यात ते मला भल्या सकाळी चौकात घेऊन गेले, निमिष खायला. निमिष म्हणजे दुधाचा केशरी फेस. थंडीत तो दवाखाली ठेवतात असं सांगतात. द्रोणात डोंगराएवढा ढीग मिळाला. मी चमचा भरून तोंडात घातला, तोंड मिटलं, आणि आत काही नव्हतं. केशराचा वास तेवढा होता.

"कैसा लगा?"

"खाल्लं का मी?" मी मराठीतच विचारलं.

"बिल्कुल," शुक्लाजी म्हणाले.

मी आणखी दोन द्रोण घेतले, खात्री करून घ्यायला. खात्री झाली नाही. जगात इतक्या निगुतीनं जवळजवळ काहीच नसलेली गोष्ट बनवणारी माणसं आहेत, याचं मला त्या सकाळी फार नवल वाटलं.

मार्चमध्ये बौर (आंब्याचा मोहोर) भरात आला आणि आम्ही मलिहाबादच्या वाटेला लागलो. काकोरी मागं पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बागा सुरू होतात आणि संपत नाहीत. आमच्या कोकणात कातळ फोडून झाड लावावं लागतं, समुद्राचा वारा त्याला डोकं फार वर काढू देत नाही. इथं गाळाची खोल, मऊ जमीन. झाडं एकमेकांत मिसळून वर गेलेली, खाली दिवसाही हिरवा काळोख, आणि वरच्या मोहोरात मधमाश्यांचा असा एकसंध आवाज की थोड्या वेळानं तो झाडांचाच वाटायला लागतो. वासानं डोकं जड झालं. हापूसची बाजू मनातल्या मनात मांडत मी रत्नागिरीहून आले होते. ती मांडणी तिथं कुठंतरी विसरून राहिली.

ज्या बागेसाठी आलो होतो ती खानसाहेबांची. सत्तरीचे, ताठ, पांढरा कुर्ता, आवाज इतका हळू की पुढं झुकून ऐकावं लागे. बागेत दशहरीची पुष्कळ झाडं होती, पण आमचं काम होतं मधोमध उभ्या असलेल्या एका जुन्या झाडाशी.

"ये हमारी सुरमई है," खानसाहेब म्हणाले.

माझ्या डोळ्यांसमोर ताटातली तुकडी आली. रत्नागिरीच्या माणसाला दुसरं काही दिसणं शक्य नाही. पण ही सुरमई म्हणजे सुरम्याच्या रंगाची. कच्च्या फळावर काजळी, राखी झाक येते म्हणून ते नाव. या जातीचं आता एवढंच एक झाड राहिलं होतं. त्याच्या तीन मोठ्या फांद्यांपैकी दोन वाळून गेल्या होत्या, खोडातून डिंक पाझरत होता. तिसरी हिरवी होती, पण किती दिवस, ते सांगता येत नव्हतं. झाड वाचणार नाही हे मला दिसतच होतं. जात वाचवता आली असती. हिरव्या फांदीवरून काड्या (कलमासाठी घेतात त्या कोवळ्या फांद्या) घेऊन येत्या पावसाळ्यात नवी कलमं बांधायची, बस्स. ती फांदी आधी वाळली, तर सुरमई संपली.

झाडाखाली बाजेवर एक वृद्ध बाई बसल्या होत्या. खानसाहेबांच्या थोरल्या बहीण. सगळे त्यांना आपा म्हणत. त्यांची दृष्टी गेली होती. शुक्लाजींनी माझी ओळख करून दिली, "रत्नागिरी से आई हैं," आणि मी ठरवून ठेवलेलं वाक्य मनापासून, छातीवर हात ठेवून म्हटलं.

"हम आपके इस आम पर संशोधन करना चाहते हैं. देर हो गई तो फिर कुछ नहीं हो सकेगा."

मधमाश्या तेवढ्या बोलत राहिल्या. आपांनी तोंड माझ्या आवाजाच्या दिशेला वळवलं. मग खानसाहेब किंचित झुकले.

"ज़हे-नसीब (अहोभाग्य). इतनी दूर से तशरीफ़ लाईं. आइए, पहले चाय हो जाए."

चहा बागेच्या दुसऱ्या टोकाला, चिनीमातीच्या कपांतून आला. पुढच्या वेळी तो बैठकीत आला, सोनेरी कडेच्या कपांतून. त्यानंतरच्या वेळी कप इतके पातळ होते की चहाची पातळी बाहेरून दिसत होती, सोबत चांदीच्या ताटलीत बालूशाही, आणि माझ्यासाठी वेगळी काढून ठेवलेली वेलदोड्याची पूड. मी इतकी भारावले की घरी फोन करून सांगितलं. आपल्याकडे कोणा बागायतदारानं मला स्टीलच्या पेल्यापलीकडे काही दिलेलं नाही. काड्यांचं विचारलं की खानसाहेब म्हणत, "बिल्कुल. क्यों नहीं. ज़रा मौसम खुल जाए." मौसम खुलला, तापला, भाजायला लागला. मी वरिष्ठांना कळवत राहिले की बागमालकांचं सहकार्य अतिशय उत्तम आहे. झाडाखाली मात्र मला पुन्हा कोणी नेलं नाही. मे महिन्यात परत निघताना फाटकातून पाहिलं, तर तिसऱ्या फांदीचा शेंडा तपकिरी झाला होता.

त्या संध्याकाळी वहिनी पन्ह्यासाठी कैऱ्या सोलत बसल्या होत्या. बाहेर अजून लू (उन्हाळ्यातला झळांचा वारा) वाहत होती. मी सगळी हकिकत सांगितली, कपांसकट.

"इतके महिने नुसता चहा?" वहिनींनी सुरी थांबवली. "मामला काहीतरी गडबड आहे. तू पहिल्या दिवशी नेमकं काय बोललीस? शब्द न् शब्द सांग."

मी सांगितलं. तेवढ्यात विमान आलं. वहिनी तोंड उघडं ठेवून थांबल्या. विमान गेलं तरी थांबल्याच.

"संशोधन? सच में संशोधन म्हणालीस?"

"हो. मग काय म्हणायचं?"

"अगं बाई! आधार कार्डावर नाव चुकलं की करतात ते संशोधन. बिजलीचं बिल जास्त आलं की करून घेतात ते संशोधन. दुरुस्ती! तू त्या भल्या माणसाच्या बागेत उभी राहून सांगितलंस, तुमच्या आंब्यात गडबड आहे, मी सुधारून देते."

"आणि उशीर झाला तर मग सुधारता येणार नाही, असंही."

"आणि तेही रत्नागिरीहून येऊन!"

"ते शुक्लाजींनीच सांगितलं होतं."

वहिनींनी कैरीची ताटली बाजूला सारली आणि पदर तोंडाला लावून हसल्या. नंतर डोळे पुसत म्हणाल्या, "पण मानलं पाहिजे यार त्यांना. हाकलून नाही दिलं. कप बदलले फक्त."

तेव्हा मला कप कळले. जितका पातळ कप तितकं दार घट्ट. मी सोनेरी कडांकडे पाहून हरखत होते आणि तिकडे ते मला, माझ्या मानाला जराही धक्का न लावता, दर भेटीला झाडापासून आणखी दूर नेऊन ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी मी शुक्लाजींना गाठलं. "आप तो वहीं खड़े थे. टोका क्यों नहीं?"

"मैडम, आप इतने यक़ीन से कह रही थीं."

"तो?"

"और फिर रत्नागिरी से आई हैं. हमने सोचा, सचमुच सुधारना चाहती होंगी."

मला हसू आलं. पण त्यानंतर शुक्लाजींनी जे सांगितलं त्यानं माझं हसू गेलं. आपांचा जन्म आणि त्या झाडाचं कलम एकाच पावसाळ्यातलं. दृष्टी गेल्यापासून आपा रोज सकाळी त्याच्याखाली बसतात. दोन फांद्या वाळल्याचं त्यांना कोणी सांगितलेलं नाही. झाडाखाली झाडाबद्दल वाईट बोलायचं नाही, असा त्या घरचा नियम आहे, कारण तिथं आपा असतात. खानसाहेबांना झाडाची अवस्था माझ्याइतकीच ठाऊक होती. पण काड्या घ्यायच्या तर फांद्या कापायच्या. आपांना कात्रीचा आवाज येणार, त्या विचारणार, आणि उत्तर द्यावं लागणार. त्यात मी त्यांच्यासमोरच 'दुरुस्ती'ची आणि 'उशिरा'ची भाषा करून बसले होते.

म्हणजे खानसाहेब आपांना सांगत नव्हते, शुक्लाजी मला सांगत नव्हते, आणि कोणीही मला 'नाही' म्हणत नव्हतं. झाड रोगानं वाळत होतं हे खरं, पण मरत होतं ते सभ्यतेनं.

"मैं माफ़ी माँग लूँगी," मी म्हटलं.

"ये ग़ज़ब मत कीजिएगा," शुक्लाजी प्रथमच घाबरलेले दिसले. "माफ़ी माँगेंगी तो उन्हें मानना पड़ेगा कि बुरा लगा था. मेज़बान को मेहमान की बात बुरी लग जाए, ये तो उनकी बदतमीज़ी हुई. फिर वो आपसे माफ़ी माँगेंगे. और बात वहीं रह जाएगी."

"तो क्या करूँ?"

त्यांनी पान गालात सरकवलं. "कुछ और बात कीजिए. वही बात, मगर कुछ और."

जूनच्या सुरुवातीला आम्ही पुन्हा गेलो. लू इतकी होती की आपाही बैठकीत, वाळ्याच्या पडद्याआड बसल्या होत्या. कप आले. इतके पातळ कप मी आजवर पाहिले नव्हते. मी उचललाच नाही.

"खानसाहेब," मी म्हटलं, "हमारी मराठी बड़ी अजीब ज़बान है. जिस दिन लखनऊ आई, रास्ते में बोर्ड देखा, 'शिक्षा विभाग'. मैं डर गई. हमारे यहाँ शिक्षा का मतलब है सज़ा."

खानसाहेबांच्या भुवया वर गेल्या. "सज़ा?"

"जी. बच्चा शरारत करे तो उसे शिक्षा देते हैं."

"अरे भई, तो ग़लत क्या है? हमें भी मदरसे में यही मिली थी." ते हसले. इतक्या महिन्यांत मी त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले. "और सुनाइए."

"राग का मतलब ग़ुस्सा. कोई कहे कि फ़लाँ उस्ताद ने दो घंटे राग गाया, तो हमारे गाँव में लोग पूछेंगे, किस पर?"

शुक्लाजी खोकले. त्यांचं पान अडकलं होतं. पडद्याआडून आपांचा आवाज आला, स्वच्छ, आणि खानसाहेबांपेक्षा बराच मोठा.

"और संशोधन?"

शुक्लाजी छताकडे बघायला लागले.

"आपा, हमारे यहाँ संशोधन का मतलब है खोज. जो चीज़ है, उसे जानना. जैसी है वैसी ही रखना."

"सुधारना नहीं?"

"नहीं."

"अच्छा," आपा म्हणाल्या. "हम तो समझे, रत्नागिरी वाली हैं, बिना सुधारे मानेंगी नहीं." मग त्यांचा आवाज जरा उतरला. "तो बेटी, खोज लीजिए. और जल्दी कीजिए. सवेरे की धूप अब सीधी हमारे मुँह पर आती है."

खानसाहेबांच्या हातातला कप बशीवर वाजला. "आपा... आपको मालूम था?"

"मियाँ, हमारी आँखें गई हैं. चमड़ी यहीं है. पहले उस पेड़ के नीचे दोपहर तक ठंडक रहती थी."

"आपने कभी कहा नहीं."

"आप इतने जतन से छुपा रहे थे," आपा म्हणाल्या. "हम क्या कहते?"

खानसाहेब उठून खिडकीशी गेले. वळले तेव्हा त्यांचा चेहरा पूर्ववत नीट केलेला होता. त्यांनी आतल्या दिशेला हाक दिली: चहा बागेत लावा. एवढ्या उन्हात आम्ही सगळे बाहेर गेलो, आपांना दोन्ही बाजूंनी धरून, आणि सुरमईच्या उरलेल्या सावलीत बसलो. चहा जाड काचेच्या ग्लासांत आला. माझ्या ग्लासाच्या कडेचा टवका उडाला होता. इतका मान मला त्याआधी कुठं मिळाला नव्हता.

पुढचं काम साधं होतं, म्हणजे आमच्या धंद्यात जितकं साधं असतं तितकं. आमच्याकडे कोय कलम बांधतात: आंब्याची कोय रुजत घालायची, तांबूस कोवळा कोंब वर आला की त्याचा शेंडा उडवून त्या जागी हव्या त्या जातीची काडी पाचरीसारखी बसवायची. कोयींची टंचाई नव्हती. जूनभर संस्थेतले सगळे दशहरी खात होते, मीही. चोखून. हे सासूबाईंना सांगितलेलं नाही. पाऊस सुरू झाल्यावर मी आणि शुक्लाजींनी त्या एका फांदीवरून मिळाल्या तेवढ्या काड्या घेतल्या. आपा खाली बसून कात्रीचा प्रत्येक आवाज ऐकत होत्या.

"दर्द तो नहीं होता इसे?" त्यांनी विचारलं.

"बिल्कुल नहीं," शुक्लाजी म्हणाले. आणि मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं, कारण हे खरोखरचं 'नहीं' होतं.

आजारी झाडाच्या काड्या. बरीच कलमं गेली. रोज सकाळी काळं पडलेलं एखादं उपटून टाकावं लागे. दिवाळीपर्यंत थोडीच उरली, पण उरली ती हिरवी. त्यातलं एक कुंडीसकट खानसाहेबांकडे नेलं. आपांनी बोटांनी त्याची पानं चाचपली, मग मातीपर्यंत हात नेऊन उंची पाहिली.

"ये तो बच्चा है."

"जी."

"इसके सामने कोई कुछ न कहे," त्यांनी सगळ्यांना बजावलं.

पुढच्या उन्हाळ्यात माझी मुदत संपत आली. जुन्या झाडाच्या तिसऱ्या फांदीनं शेवटची म्हणावीत अशी मोजकी फळं धरली. निघण्याच्या आधी मला बोलावणं आलं. झाडाखाली गार पाण्याच्या बादलीत सुरम्याच्या रंगाचे आंबे तरंगत होते. खानसाहेबांनी एक निवडून, पुसून, दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. मी खाल्ला. खानसाहेब बघत होते, शुक्लाजी बघत होते, आणि बघू न शकणाऱ्या आपा सगळ्यांत लक्षपूर्वक बसल्या होत्या.

"कैसा है?"

"आपा," मी म्हटलं, "ऐसा आम मैंने आज तक नहीं खाया."

आपांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते पाहायला मी पुन्हा एकदा त्या धुक्याच्या गाडीतून येईन. शुक्लाजींनी माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच मान डोलावली.

परतीच्या गाडीत झोप लागली नाही. त्या शहराचा थाट मला पहिल्यापासून खोटा वाटेल अशी माझी तयारी होती. थाट म्हटलं की मला आतलं पोकळ ऐकू येतं. पण एक म्हातारा भाऊ बहिणीपासून झाडाचं मरण लपवतो, ती ते कळूनही त्याचं लपवणं मोडू देत नाही, आणि दोघं मिळून एका परक्या बाईचा अपमान तिला कळणारही नाही इतक्या नाजूक कपात घालून देतात, हे पाहिल्यावर मला माझ्या सरळ बोलण्याचा पूर्वीइतका अभिमान राहिलेला नाही. एका आंब्यासाठी माणसं इतकं जपून जगू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. आता त्या आंब्याची कलमं दोन ठिकाणी, संस्थेत आणि खानसाहेबांकडे, वाढत आहेत, आणि जात टिकेल असं वाटतं.

सुरमई आंबट आहे, आणि तिचे धागे दातांत अडकतात. खानसाहेबांच्या घरी खायला दशहरी असतो.